मोठे टायर बसवल्यावर डिझेल पिकअपची ओढ आणि ॲव्हरेज दोन्ही उतरले : दोष इंजिनाचा की टायरचा?

कातळवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 2017 सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, पाच गिअर, फोर बाय फोर. आमची कलमांची बाग रत्नागिरीजवळच्या सड्यावर आहे आणि डांबरी रस्ता सोडल्यानंतर बागेपर्यंतचे दोन किलोमीटर निव्वळ कातळावरून जावे लागते. जांभ्याच्या कडांनी गेल्या दोन पावसाळ्यांत दोन टायरांच्या बाजू फाटल्या, त्यामुळे यंदा मोहोर येण्याच्या सुमारास मूळचे 245/70 आर 16 मापाचे झिजलेले चारही टायर काढून त्यांच्या जागी 265/75 आर 16 मापाचे, जाड बाजूंचे ऑल-टेरेन टायर बसवले. रिम मूळचेच आहेत आणि स्टेपनी जुन्या मापाची, अजून न वापरलेली आहे.

कातळावर गाडी आता खरोखर निर्धास्त चालते, याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. टाकी ते टाकी हिशेब धरला तर पूर्वी लिटरला 12.4 किलोमीटर मिळत असत, आता 10.9 मिळतात. शिवाय कोल्हापूरला आंबा घेऊन जाताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला की जो चढ गाडी चौथ्या गिअरमध्ये सहज घेत असे, तिथे ती आता रडते आणि तिसरा टाकावाच लागतो. बरोबर असतात दहा क्रेट आणि दोन माणसे, म्हणजे भार पूर्वीइतकाच. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) काढून तपासावेत आणि टर्बोही (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) पाहावा. एका मित्राने चिप बसवून इंजिनाची ताकद वाढवण्याचा सल्ला दिला आहे. दोन्हींचा खर्च लहान नाही. केवळ टायरच्या मापामुळे एवढा फरक पडू शकतो का, आणि पडत असेल तर तो नेमका कुठे पडतो, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

क्राउनपिनियन

इंजेक्टरला तूर्त हात लावू नका. सुरू होताना त्रास, काळा धूर, ठोका किंवा निष्क्रिय वेगात थरथर यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही, आणि जे लिहिले आहे ते सगळे टायरच्या मापातून निघते. माझी बरीच वर्षे गिअरबॉक्सच्या कामात गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मूळ टायरचा व्यास असा काढता येतो : 245 मिलिमीटर रुंदीच्या 70 टक्के म्हणजे 171.5 मिलिमीटर ही एका बाजूची उंची. ती दोनदा धरून त्यात 16 इंची रिमचे 406.4 मिलिमीटर मिळवले की 749.4 मिलिमीटर येतात. त्याच रीतीने 265/75 चा व्यास 803.9 मिलिमीटर येतो. वाढ 7.3 टक्के. याचा अर्थ असा की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता 7.3 टक्के जास्त अंतर कापते, आणि इंजिनाच्या बाजूने पाहिले तर पाचही गिअर तेवढ्याच प्रमाणात लांब झाले आहेत. तुम्ही टायर बदलले असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात तुम्ही क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी धुऱ्यातली शेवटची गिअरजोडी, बदलल्यासारखे झाले आहे, तेही चढाच्या विरुद्ध दिशेला.

इंजिन धुऱ्यापर्यंत जो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पोचवते तो होता तेवढाच आहे. पण जमिनीवर मिळणारी ओढ म्हणजे हा टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या वाढली की ओढ घटते, आणि तुमच्या बाबतीत ती 6.8 टक्क्यांनी घटली आहे. घाटाच्या भाषेत सांगायचे तर माणसे आणि माल धरून गाडी सव्वादोन टन भरत असेल, तर मूळ टायरवर त्याच चढाला सुमारे 165 किलो जादा भार घातल्यावर इंजिनाला जेवढे कष्ट पडले असते तेवढे आता रिकाम्या हाताने पडतात. तुमच्या दहा क्रेटबरोबर आणखी आठ क्रेट चढवल्यासारखेच हे झाले.

यात डिझेलच्या स्वभावाची भर पडते. तुमच्या इंजिनाचा 320 न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क मिनिटाला 1800 ते 2800 फेऱ्यांच्या पट्ट्यात मिळतो. त्या पट्ट्याच्या खाली टर्बोचा दाब पुरेसा भरत नाही आणि टॉर्क झपाट्याने ढासळतो. पूर्वी एखाद्या वळणावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन 1900 फेऱ्यांवर असेल, तर त्याच खऱ्या वेगाला आणि त्याच गिअरमध्ये ते आता 1770 वर येते. पूर्वी तुम्ही पट्ट्याच्या उंबऱ्याच्या आत होता, आता बाहेर आहात. म्हणून कागदावर सात टक्के दिसणारी तूट पायाखाली वीस टक्क्यांची वाटते. पेट्रोल गाडीत हा उंबरठा इतका टोकदार नसतो, त्यामुळे मोठ्या टायरविषयीचे पेट्रोल गाड्यांवरचे अनुभव इथे फारसे उपयोगी पडत नाहीत.

आता ॲव्हरेज. तुमचा किलोमीटरचा आकडा चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि टायर मूळ मापाचाच आहे असे गृहीत धरतो. म्हणजे खरे 100 किलोमीटर झाले की तो साधारण 93 दाखवतो. डिझेल मात्र खऱ्या 100 किलोमीटरचे जळते. 10.9 ला 1.073 ने गुणा : 11.7 येतात. याच्या उलट एक चूक तुमच्या जुन्या आकड्यातही आहे. जुने टायर झिजलेले होते असे तुम्हीच लिहिले आहे. नक्षी सहा मिलिमीटर झिजली असेल तर व्यास बारा मिलिमीटरने कमी होतो आणि मीटर दीड टक्का जास्त किलोमीटर मोजतो. तेव्हाचे 12.4 हे खरे 12.2 असावेत. 12.2 आणि 11.7 यांत जो फरक उरतो, तो ऑल-टेरेन नक्षीचे लोळण-घर्षण (चाक घरंगळताना टायरमुळे होणारा विरोध), जादा वजन आणि थोडीशी उंचावलेली गाडी यांचा. तो सोसण्यासारखा आहे.

वेगाच्या काट्याकडेही लक्ष असू द्या. कारखान्यातून येणारा काटा खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या 39 व्या नियमावलीचा दंडक आहे, आणि बहुतेक निर्माते त्या धोरणाने काटा चार-पाच टक्के पुढे ठेवतात. तुमच्या टायरने ती सवलत खाऊन टाकली आहे. काटा बहुधा आता मागे पडत असेल, आणि कॅमेरा लावलेल्या रस्त्यावर त्याची किंमत तुम्हीच द्याल.

चिपबद्दल एवढेच म्हणतो की गिअर लांब झाल्यामुळे आलेली अडचण इंजिनातून जादा टॉर्क काढून झाकता येते, पण तो टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्स यांतूनच जातो. लांब झालेल्या पहिल्या गिअरमुळे क्लच आधीच जास्त वेळ घसरतो आहे. त्याच्यावर दुसरा बोजा कशाला?

सव्वादोनटनी

वरच्या प्रतिसादातील क्लचविषयीच्या वाक्याला माझी साक्ष जोडतो. माझ्याकडे मालवाहू पिकअप आहे, भाजीपाला आणि खत वाहतो. तीन वर्षांपूर्वी मूळचे 215/75 आर 15 काढून मी 7.00 आर 15 मापाचे टायर चढवले, कारण ते ओझ्याला दणकट असतात असे सगळे सांगत होते. टेपने मोजले तेव्हा बाहेरचा व्यास 70 सेंटिमीटरवरून 75 वर गेला होता. टायर उत्तम टिकले. क्लच प्लेट मात्र पूर्वी जेवढी चालत असे त्याच्या निम्म्या काळात संपली, कारण बाजार समितीच्या चढावर भरलेली गाडी हलवताना मला दर वेळी अर्धा क्लच धरून ठेवावा लागत होता.

त्या भरात मागच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवून गाडी उचलली, ती माझी दुसरी चूक. ज्या पिकअपच्या मागच्या धुऱ्याला भारानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारी झडप असते, तिची दांडी पाटा वाढवल्यावर नव्याने जुळवून घ्यावी लागते, नाहीतर गाडी भरलेली असूनही झडपेला ती रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. पावसात एकदा पुढची चाके घसरली तेव्हा हे कळले. कातळवाट यांनी गाडी उचललेली नसावी. उचलायचा विचार असेल तर आपल्या गाडीत ही झडप आहे का, ते आधी पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट उताराची आहे. चढाला जी ओढ कमी पडते तीच उताराला इंजिनाचा अटकाव म्हणून कमी पडते. ज्या गिअरमध्ये पूर्वी गाडी ब्रेकशिवाय उतरत असे, त्याच्या एक खालच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकच्या पेडललाही आता त्याच थांबण्यासाठी जास्त जोर लागतो, आणि घाट उतरून आल्यावर ड्रम किती तापले आहेत ते हात जवळ नेला तरी कळते.

गिअरगप्पा

क्राउनपिनियन यांचे गणित मान्य आहे, परंतु त्यांनी वजनाचा मुद्दा फार थोडक्यात सोडला असे वाटते. असे जाड टायर मूळ टायरपेक्षा प्रत्येकी सहा-सात किलो जड असतात आणि फिरणारे वजन हे गाडीत ठेवलेल्या वजनाच्या कितीतरी पट भारी पडते, असे सर्वत्र वाचायला मिळते. गाडी मंदावण्याचे खरे कारण तेच नसेल कशावरून?

क्राउनपिनियन

कितीतरी पट हे खरे नाही, हे एकदा मांडून पाहू. चाकाच्या अगदी कडेला असलेला एक किलो गाडीबरोबर पुढेही जातो आणि स्वतःभोवती फिरतोही. वेग वाढवताना त्याला जास्तीत जास्त दोन किलोइतकी ऊर्जा लागते. दोनपेक्षा जास्त नाही. प्रत्येकी सात किलो धरले तर चार टायरांचे 28 किलो होतात, आणि वेग घेताना ते फार तर 50 किलोच्या आसपास जाणवतात. एकसारख्या वेगाने चढ चढताना तर फिरण्याचा भाग गळूनच पडतो, कारण तिथे चाकाचा वेग वाढत नसतो. तिथे ते 28 किलो, एवढेच. याउलट व्यासामुळे आलेला 165 किलोंचा भार चढावर सतत असतो. म्हणून मुख्य आरोपी व्यासच आहे.

जड टायरचा त्रास दुसरीकडे होतो. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढले की शॉक ॲब्सॉर्बरला चाक आवरणे कठीण जाते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर स्टिअरिंगचे सांधे व बेअरिंग लवकर सैल होतात. ते ॲव्हरेजमध्ये दिसत नाही, दुरुस्तीच्या बिलात दिसते.

कातळवाट यांना हवेबद्दलही सांगायचे राहिले. दाराच्या चौकटीवर लिहिलेला हवेचा दाब मूळ मापासाठी आहे. टायरवर मापाच्या अलीकडे एलटी अशी अक्षरे असतील तर तो हलक्या मालवाहनाच्या जातीचा आहे, आणि तेवढेच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त दाब लागतो. टायरवर मापापुढे लिहिलेल्या भाराच्या निर्देशांकाने भुलू नका. 111 म्हणजे 1090 किलो आणि 123 म्हणजे 1550 किलो, हे खरे आहे, पण वरचा आकडा पूर्ण दाबाला असतो. नक्षीवर आडवी खडूची रेघ मारा, डांबरावर सरळ शे-दोनशे मीटर गाडी चालवा आणि उतरून पाहा. रेघ मधेच पुसली गेली तर हवा जास्त आहे, कडांना पुसली गेली तर कमी. रिमची रुंदीही पाहून घ्या. 265/75 ला 7 ते 8 इंच रुंदीचा रिम लागतो.

कायदाबाजू

तांत्रिक चर्चेत हा मुद्दा कोरडा वाटेल, तरी लिहितो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास सांगितला आहे. निर्मात्याने त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला जे माप दिलेले आहे तेवढ्यापुरते राहणे शहाणपणाचे. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्वेक्षक टायरचे माप लिहून घेतो, हे मी कामाच्या निमित्ताने अनेकदा पाहिले आहे.

कातळवाट

सर्वांचे आभार. तीन आठवडे गप्प होतो, कारण आधी मोजून मग लिहायचे असे ठरवले होते.

अंगणात गाडीच्या पुढच्या चाकाला न वापरलेली स्टेपनी लावली, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण केली आणि गाडी ढकलत चाकाचे दहा फेरे पूर्ण केले. अंतर भरले 22 मीटर 84 सेंटिमीटर. मग मोठा टायर परत लावून तेच केले, 24 मीटर 48 सेंटिमीटर आले. गुणोत्तर 1.072, म्हणजे कागदावरच्या 7.3 टक्क्यांना अगदी खेटून. व्यासाला पायने गुणून जो परीघ येतो त्यापेक्षा दोन्ही मापे तीनेक टक्के कमी भरली, कारण वजनाखाली टायर दबतो. पण दोन्ही सारख्याच प्रमाणात दबल्यामुळे गुणोत्तर बिघडले नाही.

कोल्हापूरच्या दोन फेऱ्यांत मीटरवर 486 किलोमीटर झाले आणि 44.6 लिटर डिझेल लागले. मीटरने धरले तर 10.9, दुरुस्त केले तर 521 किलोमीटर आणि लिटरला 11.7. मी ज्याला दीड किलोमीटरचा तोटा समजत होतो त्यातला अर्ध्याहून अधिक भाग मीटरच्या मोजणीतला होता. काटा 80 वर असताना फोनवरचे जीपीएस 82 दाखवते, म्हणजे काटा मागे पडतो हेही खरे ठरले.

आंबा घाटात या वेळी आधीच तिसरा टाकला आणि इंजिन 2000 च्या खाली येऊ दिले नाही. गाडी रडली नाही. वेळ किती वाढला ते पाहिले, तर फरक दोन-तीन मिनिटांपलीकडे नव्हता. उतारालाही तिसराच ठेवला. इंजेक्टरचे काम रद्द केले आहे आणि चिपवाल्या मित्राला हा धागा वाचायला दिला आहे. त्याने अजून उत्तर दिलेले नाही.

एक शंका मात्र उरते. कातळावरून जाताना मला जो फायदा झाला तो उंचीमुळे की जाड बाजूंमुळे? व्यास 54 मिलिमीटरने वाढला म्हणजे मागच्या डिफरन्शियलखालची (धुऱ्याच्या मधोमध असलेल्या गिअरांच्या गोळ्याखालची) जागा 27 मिलिमीटरच वाढली असणार, आणि आमच्या वाटेवर ते कधी घासल्याचे आठवत नाही.

क्राउनपिनियन

तुमच्या शंकेतच उत्तर आहे. तुमचा त्रास डिफरन्शियल घासण्याचा नव्हता, टायरच्या बाजू फाटण्याचा होता, आणि त्यावर उपाय जाड बाजूंचा, खोल नक्षीचा टायर हा आहे. तो 245/70 आर 16 या मूळ मापातही मिळतो. मागच्या अखंड धुऱ्याखालची जागा टायरशिवाय दुसऱ्या कशाने वाढत नाही हे खरे, गाडी उचलली तरी धुरा तिथेच राहतो, म्हणून ज्यांना खडकांवरून जायचे असते त्यांना मोठा व्यास घेण्यावाचून गत्यंतर नसते. तुम्ही त्या गटात नाही. मोठा व्यास हवाच असेल तर 265/70 आर 16 ने वाढ पावणेचार टक्क्यांवर येते, पण कायदाबाजू यांचा आक्षेप तिथेही लागू पडेल.

आणि स्टेपनी. ती जुन्या मापाची असताना पंक्चर झाले आणि एका चाकाला ती लावली, तर फोर बाय फोर अजिबात टाकू नका. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल तुमच्या गाडीत नाही. पुढच्या आणि मागच्या धुऱ्याचे फेरे जुळले नाहीत तर तो ताण ट्रान्सफर केसवर (दोन्ही धुऱ्यांना ओढ वाटून देणाऱ्या पेटीवर) आणि शाफ्टच्या जॉइंटवर येतो. दोन चाकी ओढीतसुद्धा ती मागे लावण्याऐवजी पुढे लावा, कारण मागे लावली तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. मागचे चाक पंक्चर झाले असेल तर पुढचे चांगले चाक मागे लावून स्टेपनी पुढे बसवण्याचा त्रास घ्या.

कातळवाट

स्टेपनीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि कातळावर फोर बाय फोर टाकल्याशिवाय आमचे पावसात चालत नाही. या मापाचा पाचवा टायर घेऊन गाडीखालच्या स्टेपनीच्या जागेत बसतो का ते पाहायला दुकानात गेलो होतो. हवा अर्धी काढूनही तो वर चढला नाही. म्हणजे तो हौद्यात ठेवावा लागणार आणि दोन क्रेटची जागा जाणार. आंब्याचा हंगाम जूनच्या पहिल्या आठवड्यात आटोपतो. तोवर हेच टायर वापरीन, पावसाच्या आधी मूळ मापातले ऑल-टेरेन पाच घेईन. हे चार कोणाला हवे असतील तर सांगा, तीन महिनेच चाललेले आहेत.